पातळी तरी सांगा! फेलोशिपच्या निवड समितीला कोल्हापुरातनं खुलं पत्र

आदरणीय निवड समितीतले सर आणि मॅडम,

नमस्कार. मी कोल्हापुरातनं लिहितेय, शुक्रवार पेठेतनं, नदीपासनं चालत सात-आठ मिनिटांवर घर आहे आमचं. नेदरलँड्सला शिकायला जायच्या फेलोशिपचा माझा अर्ज तुमच्याकडं ऑक्टोबरात आला, फेब्रुवारीत तुम्ही इंटरव्ह्यू घेतला, 'निकाल एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवू' असं तुमच्याच मेलमध्ये होतं, ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणून दाखवीन, आणि आज मृग लागून चार दिवस झाले. पोर्टलवर अजून 'अंडर रिव्ह्यू'च.

तुम्हाला मराठी येत नसणार हे मला माहितीय. पण इंग्लिशमधनं चार मेल टाकून झाले, चारही वेळा आपोआप येणारं तेच उत्तर आलं, मग म्हटलं आता आपल्या भाषेत लिहू, निदान लिहिणाऱ्याला तरी बरं वाटेल. (आमच्यात पोरीपण 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, इथं वाचणाऱ्याचा घोळ नको म्हणून मी 'आले-गेले' लिहितेय, घरात कुणी वाचलं तर हसतील.) फेलोशिपचं नाव लिहीत नाही. निकाल अजून लागायचाय आणि मी काय एवढी शूर नाही. शिवाय इतर पोरापोरींशी बोलल्यावर असं वाटायला लागलंय की नाव बदलून दुसरं कुठलंही टाकलं तरी पत्राची एक ओळ बदलावी लागणार नाही.

आधी इथली परिस्थिती सांगते. कोल्हापुरात गोष्ट लपून राहत नाही. मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं, तिनं आईला सांगितलं, आणि तिच्या आईची भिशी असते. आता सकाळी गंगावेशीत दूध आणायला गेलं की कट्ट्यावर म्हशीची धार काढता काढता मामा मान न वळवता विचारतात, "आलं काय गं?" काय आलं ते मला विचारावं लागत नाही. त्यांना वाटतंय पोस्टानं येणाराय. मी "न्हाई अजून" म्हणते, ते म्हणतात "येतंय की, कुठं जातंय," आणि पातेल्यात फेस वर येईपर्यंत आम्ही दोघंही गप. पुढं इस्त्रीवाला. मग कोपऱ्यावरच्या काकू, त्या विचारत नाहीत, नुसत्या भुवया उडवतात. मार्चमध्ये मला याचं कौतुक वाटायचं. मे महिन्यात मी दुधाला भावाला पाठवायला लागले, तर त्याला विचारायला लागले, "तुझ्या भैनीचं आलं काय?"

तुमचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेबारा. हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात साडेबारा, तुमची घड्याळं मार्चच्या शेवटी एक तास पुढं जातात हे मला याच्याआधी माहीत नव्हतं, आता घरात आजीलापण माहितीय. साडेबारा ते रात्री साडेआठ हा आमच्या घरात तुमच्या ऑफिसचा टाईम आहे. त्या वेळात मी साईटवर असले तरी दर दहा मिनिटाला फोन काढते, आधी इनबॉक्स, मग स्पॅम, मग प्रमोशन्स, मग परत इनबॉक्स. एकदा जयंती नाल्यात सर्व्हे करताना गुडघाभर चिखलात उभी राहून स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, धरलेला असताना फोन वाजला, मी स्टाफ सोडला, मेल होता तो बुटांच्या सेलचा. लेव्हलची दुर्बीण लावलेला पोरगा वरनं ओरडला, "ताई, रीडिंग!" ते रीडिंग परत घ्यायला लागलं. शनिवार-रविवार मात्र शांतता असते, तुम्ही सुट्टीवर असता म्हणून आम्हीपण सुट्टीवर. रविवारी आमच्याकडं तांबडा-पांढरा होतो आणि मी दोन वाट्या जास्त पिते, कारण त्या दिवशी काही येणार नाही याची खात्री असते.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गावात वाट बघायची एक पद्धत आहे, ती तुम्हाला सांगायचीय.

कसबा बावड्याच्या बाजूला पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात त्या बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी मोजतात आणि गावाला सांगतात, फुटात आणि इंचात. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. कोल्हापुरातल्या कुठल्याही पोराला पाढे येणार नाहीत एक वेळ, पण हे दोन आकडे येतात. ज्यांनी तो बंधारा आयुष्यात डोळ्यांनी बघितला नाही ती माणसंसुद्धा जुलैत एकमेकांना रामराम घालायच्या आधी "किती झालंय?" विचारतात, आणि समोरचा "साडेसदतीस, पण वाढतंय" असं घड्याळ बघितल्यासारखं सांगतो. पाऊस वाढला की मेसेज येत राहतात, पातळी किती, कुठले बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी किती भरलं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपापले उघडतात, त्याला कुणाच्या सहीची गरज लागत नाही, आणि एक दरवाजा उघडला म्हणजे १४२८ क्युसेक हे आमच्या आजीला पाठ आहे, जिला तिच्या गोळ्यांची नावं पाठ नाहीत.

त्या आकड्यावर गाव हलतं. ३० च्या पुढं गेलं की आई खालच्या फळीवरचे डबे वर घेते. ३५ ला बाबा फ्रिजखाली विटा लावतात. ३९ च्या आसपास सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधून चित्रदुर्ग मठात जायला निघतात, आणि त्यांना निघताना बघितलं की आम्ही गादी-रजया माळ्यावर टाकतो. ४३ झालं की आम्ही कळंब्याला मामाकडं. रडारड नाही काय नाही. पाणी येणार हे वाईटच असतं हो, पण किती आलंय आणि अजून किती यायचंय हे कळत असलं की माणूस हात-पाय हलवत राहतो.

२०१९ ला ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, बेंगलोरकडं जाणारे-येणारे ट्रक दिवसच्या दिवस उभे, गावात पेट्रोल नाही, भाजी नाही. पण त्या सगळ्यात माझ्या डोक्यात काय बसलंय सांगू का, एक रात्र बसलीय. लाईट गेलेली, फोन मेलेले, मेसेज बंद. मामाच्या गच्चीवर आम्ही सगळे अंधारात. आणि तेवढ्यात खालनं कोणतरी मोटरसायकलवरनं ओरडत गेलं, "राधानगरी फुटलं!" काहीही फुटलं नव्हतं. पण त्या अर्ध्या तासात आईनं जे केलं ते मी विसरणार नाही, तिनं दागिन्यांचा डबा उघडून आमच्या तिघांच्या अंगावर एकेक वस्तू घातली, का तर कुणी कुठं वाहत गेलं तर जवळ काहीतरी असावं. आदल्या दोन दिवसात, ४५ झालं, ५० झालं, ५३ झालं हे कळत असताना, ती घाबरली नव्हती. आकडे बंद झाल्यावर घाबरली.

तर तुमचं पोर्टल म्हणजे ती रात्र आहे.

'अंडर रिव्ह्यू' ही पातळी नाही. ऑक्टोबरातपण तेच होतं, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशीपण तेच होतं, आजही तेच आहे. माझा फॉर्म कुणाच्या टेबलावर आहे, का नाकारून कोपऱ्यात टाकलाय आणि फक्त मेल पाठवायचा राहिलाय, का पैसेच मंजूर व्हायचेत, का तुम्ही स्वतःच कुणाची तरी वाट बघत बसलाय, काही कळायला मार्ग नाही. मग मोटरसायकलवाले सुरू होतात. पुण्याच्या एकीला मेल आला म्हणे. नाही, ती गेल्या वर्षीची होती. ज्यांची निवड झाली त्यांना फोन येतो, मेल फक्त रिजेक्ट झालेल्यांना. नाही, उलटं आहे. पोर्टलमध्ये बँक डिटेल्सचा रकाना दिसायला लागला की समजायचं झालं. गडहिंग्लजचा एक पोरगा आहे, माझ्याच दिवशी त्याचा इंटरव्ह्यू होता, त्यानं मला रात्री पावणेबाराला फोन करून विचारलं, "तुला तो रकाना दिसतोय काय?" मी अंथरुणातनं उठून लॅपटॉप लावला. नव्हता दिसत. त्यालापण नव्हता. आम्ही दोघं इंजिनिअर आहोत.

इंटरव्ह्यूचं सांगते, कारण तो आठवत असेल तर कदाचित मी तुम्हाला आठवेन. त्या दिवशी गल्लीत कर्फ्यू होता. बाबांनी टेम्पोवाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगून ठेवलेलं, शेजारच्यांनी कुकर लावला नाही, आजी कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात माळ घेऊन बसलेली. तुम्ही तिघं होता. पहिलाच प्रश्न, कोल्हापूर टाईप वेअर म्हणजे काय? इतका आनंद झाला मला! आख्ख्या महाराष्ट्रात त्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात आणि मी तो रोज बघते. मी सांगितलं, नदीत खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याच्या आत बरगे काढायचे आणि नदीला वाट द्यायची. 'बरगे' ला इंग्लिश शब्द पुस्तकात असतो तो त्या क्षणी आठवेना, मी सरळ 'बरगे' म्हटलं आणि हातानं करून दाखवलं. मधल्या सरांनी तो शब्द लिहून घेतला. मी बघितलं ते.

मग नेदरलँड्सच का, असं विचारलं. मी १९५३ चं सांगितलं, १ फेब्रुवारीच्या पहाटे समुद्र बांध फोडून आत आला, तिकडं १८३६ माणसं गेली, आणि त्यानंतर त्या लोकांनी समुद्र अडवायला बांध-दरवाज्यांचं डेल्टा वर्क्स उभं केलं, पण मला त्याच्यापेक्षा नंतरची गोष्ट आवडते, जिथं त्यांनी काही ठिकाणी बांध मागं सरकवले आणि नदीला तिची जागा परत दिली. आमच्याकडं उलटं चाललंय. नदीच्या जागेत भराव टाकायचा, त्यावर लग्नाचा हॉल बांधायचा, आणि पूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं शिमगा करायचा. (अलमट्टीचा प्रश्न नाही असं मी म्हणत नाहीये, मला गावात राहायचंय.)

शेवटी मॅडमनी विचारलं, व्हाय यू? आणि मी तयार केलेलं उत्तर सगळं विसरले आणि लॅपटॉप उचलून भिंतीकडं फिरवला. आमच्या बाहेरच्या खोलीत त्या भिंतीवर तीन रेघा आहेत. बाबा उद्यमनगरात लेथवर टर्नर आहेत, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, पाणी उतरलं की घरात पाय टाकल्या टाकल्या आधी चिखल नाही काढत, आधी टेप लावतात. २००५, २०१९, २०२१. प्रत्येक रेघेवर पेन्सिलीनं लिहिलेलं, फूट, इंच आणि सूत. २०१९ ची रेघ स्विचबोर्डाच्या वर आहे, चार फूट दोन इंच तीन सूत. रंग काढायला आलेल्या पेंटरला बाबा प्रत्येक वेळी सांगतात, एवढा पट्टा सोड. मी तो पट्टा तुम्हाला दाखवला. तुम्ही तिघंही गप्प झाला. किती सेकंद माहीत नाही. मग "थँक यू, दॅट विल बी ऑल."

त्या गप्प होण्याचा अर्थ मी गेले चार महिने लावतेय. सकाळी वाटतं पोचलं त्यांच्यापर्यंत. रात्री वाटतं आगाऊपणा झाला.

आता पैशाचं, थोडक्यात. विद्यापीठाचं ॲडमिशन माझ्या हातात आहे, ३० जूनपर्यंत डिपॉझिट भरून जागा पक्की करायचीय. फेलोशिप मिळाली तर ते भरायची गरज नाही. नाही मिळाली तर कर्ज, आणि कर्ज साडेसात लाखाच्या वर असलं की तारण लागतं, तारण म्हणजे हेच घर. बँकेनं माणूस पाठवला व्हॅल्युएशनला. चहा घेतला, खोल्या मोजल्या आणि बाहेरच्या खोलीत येऊन थांबला. भिंतीकडं बघून म्हणाला, "हे काय?" बाबांनी अभिमानानं सांगितलं. झालं. आमचं घर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे येतं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा, आणि आमच्या भिंतीनं सोळा वर्षांत तीनदा पाणी बघितलंय, आता ही शंभर वर्षं कुणाच्या कॅलेंडरनं मोजायची ते मी तिकडं शिकून येणारच होते. बँकेनं नाही म्हटलं नाही, 'बघतो' म्हटलं. तर जी भिंत मी तुम्हाला दाखवली त्याच भिंतीनं दुसरा रस्ता बंद केला. बाबा त्या दिवसापासनं रेघांबद्दल बोलत नाहीत. मला ते जास्त लागलं.

आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर दोन वर्षं चालतो, माझा ऑगस्टमध्ये संपतोय, परत द्यायचा तर पंधरा हजारांच्या वर खर्च. ऑफिसमधले सर विचारतात पावसाळ्याच्या सर्व्हेला तुला धरू की नको. आत्या विचारते दिवाळीनंतर बघायला सुरुवात करायची ना, म्हणजे काय बघायला ते तुम्ही समजून घ्या. सगळ्यांना मी एकच उत्तर देते, अंडर रिव्ह्यू.

आजीचं मात्र वेगळंच. तिचा बाहेर जायलाच विरोध, आणि तिच्याकडं पुरावा आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंड बघायला गेले, परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले, जेमतेम विशीतले होते, दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि तिथं आज त्यांची छत्री आहे. आजी म्हणते, "राजा माणूस परत आला न्हाई, तू कोण?" मी तिला सांगितलं आता विमानानं आठ-दहा तास लागतात. ती म्हणाली, मग निकालाला एवढे दिवस का लागतात?

आणखी एक गोष्ट मला सीपीआर हॉस्पिटलवरनं जाताना रोज आठवते. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या १८८६ ला, आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डावर नेमलं. तेच आजचं सीपीआर. त्या आजारी होऊनच परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. म्हणजे या गावानं एका शिकून येणाऱ्या बाईची वाट बघितली आणि ती पोचलीच नाही. मी काय आनंदीबाई नाही. पण पलीकडची बाजू पण असते एवढंच म्हणायचंय, नुसती मीच तुमची वाट बघत नाहीये, माझी पण कुणीतरी बघतंय, त्या जयंती नाल्याकाठच्या गल्ल्या बघतायत.

आणि आमच्या गावात हे पत्र लिहायचं म्हणजे बाबासाहेबांचं नाव आल्याशिवाय पुरं होत नाही. १९१३ ला ते कोलंबियाला गेले बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, सगळं लिहून ठरलेलं. पुढं मुदत संपली म्हणून १९१७ ला लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं, केवढं वाईट, पण तेसुद्धा माहीत होतं, मुदत संपली म्हणजे संपली. १९२० ला ते परत गेले ते पगारातली बचत, मित्राकडनं उसने आणि आमच्या शाहू महाराजांची मदत असं जमवून. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावला परिषद झाली होती, आमच्याच जिल्ह्यातलं माणगाव. मी शाळेत असल्यापासनं ही गोष्ट ऐकतेय, पण यंदा पहिल्यांदा माझं लक्ष त्या 'मुदत' शब्दावर गेलं. कमी पैसे चालतात. नाही म्हटलेलंपण चालतं, माणूस दुसरीकडं हात पसरतो, उसने घेतो, नोकरी धरतो. त्याला फक्त कधीपासनं पसरायचा ते कळायला पाहिजे.

म्हणून मी तुमच्याकडं फेलोशिप मागत नाहीये या पत्रात. ती मागायची ती फॉर्ममध्ये मागून झाली, पाचशे शब्दांत, दोनदा. इथं मागणं वेगळं आहे. एप्रिलची तारीख हुकणार हे तुम्हाला एप्रिलच्या आधी कळलं असणार, तेव्हाच एक ओळ टाकायची होती, उशीर होतोय, अमुक तारखेपर्यंत काही येणार नाही, फोन बघू नका. ती तारीखपण हुकली तर परत एक ओळ. राखीव यादी असेल तर माझा नंबर कितवा ते सांगा, तिसरा आणि तिसावा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तिसरा असेल तर मी थांबेन, तिसावा असेल तर उद्याच सरांना सांगते मला सर्व्हेला धरा. पैसे मंजूर व्हायचे राहिलेत म्हणून अडलं असेल तर तसं सांगा, आम्ही कोल्हापूरचे आहोत, मंजुरीसाठी थांबणं म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि ज्यांना नाही म्हणायचंय त्यांना नाही म्हणा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त हेच टाळलं जातं. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका फेलोशिपला फॉर्म भरला होता. निवड झालेले गेले, शिकले, परत आले, त्यांचे पदवीचे फोटो मी लाईक केले. मला आजपर्यंत काही कळवलेलं नाही. परवा सहज त्या पोर्टलला लॉगिन केलं, पासवर्ड अजून चालतोय. तिथं मी अजून अंडर रिव्ह्यू आहे.

तुमच्याकडं हजारो फॉर्म येतात, माणसं कमी असतात, हे मला मान्य आहे. पण पातळी सांगणाऱ्या ऑफिसात तरी किती माणसं असतात हो? आणि ती रात्री-अपरात्री, पावसात, घरात स्वतःच्या पाणी शिरलेलं असताना आकडे सांगत असतात. त्यांचं कुणी कौतुक करत नाही. चुकीचा आकडा गेला तर शिव्या मात्र पडतात. त्यांनी कधी 'पंचगंगा अंडर रिव्ह्यू आहे' असं सांगितलेलं मला आठवत नाही.

काल बाबा कामावरनं आले आणि जेवताना म्हणाले, "आज सोळा फूट." मी म्हटलं काय सोळा फूट, तर बंधाऱ्यावर. अजून ३९ ला लय अवकाश आहे. तरी आईनं खालच्या फळीवरचा पिठाचा डबा उचलून वर ठेवला, उगीच, सवय म्हणून. मी लॅपटॉपची बॅग कुठं ठेवावी, वर का खाली, हे मला ठरवता येईना. ती सध्या खुर्चीवर आहे.

आपली,
एक अर्जदार, शुक्रवार पेठ, कोल्हापूर
(अर्ज क्रमांक तुमच्याकडं आहेच)

ता. क. जुलैत पाणी वाढलं की आमच्या पेठेत लाईट बंद करतात, मग फोन चार्ज होत नाही आणि रेंजपण जाते. तोपर्यंत तुमचं ठरलं नसेल तर फॉर्ममध्ये 'पर्यायी संपर्क' म्हणून मामाचा नंबर दिलाय, कळंब्याचा, त्यावर फोन करा. मामा उचलेल. त्याला इंग्लिश येत नाही, पण 'येस' आणि 'नो' कळतं, आणि तो सांगितल्यावर विचारेल, "तारीख किती?" ती पण सांगा, तो कॅलेंडरवर लिहून ठेवतो.